पाडव्याच्या दिवशीची सूचना

संभाजीनगरला जाऊन आले म्हटल्यावर चिपळुणात जो भेटतो तो लेण्यांचं विचारतो. वेरूळ पाहिलं का, अजिंठा पाहिला का. मी काहीच पाहिलं नाही. तीन दिवस होते, त्यातले जवळजवळ तिन्ही मी घाबरण्यात घालवले. शेवटच्या तासाभरात जे पाहिलं ते मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझं काम साधं आहे. पूर्वी मी लग्नपत्रिका आणि बिलबुकं जुळवून द्यायचे, आता लहान लहान संस्थांच्या वेबसाइट सांभाळते. त्यासाठी जी प्रणाली वापरते ती जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली आहे. कुणीही फुकट घ्यावी, उघडून बघावी, हवी तशी बदलावी. बाहेरून येणाऱ्याला नुसती पानं दिसतात, पण आत एक कारभाराची खोली असते. कुणी लिहायचं, कुणी तपासायचं, काय कधी झळकायचं, कुणी काय खोडलं, हे सगळं तिथून चालतं. ती आतली खोली लोकांना पडद्यावर दाखवायची आणि त्यांची भीती घालवायची, याला आम्ही सादरीकरण म्हणतो. स्वतः सतत भीत असलेल्या बाईने हा धंदा का निवडला, हे मला अजून कळलेलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर संभाजीनगरहून मुकुंदरावांचा फोन आला. मराठवाड्यात आदल्या पावसाळ्याने पाठ फिरवलेली, आणि हे एका मेंढपाळ मंडळाचे सचिव. त्यांच्या साइटवर एकच गोष्ट असते: आज कुठल्या पाणवठ्यावर मेंढरांना पाणी आहे, कुठला आटला, कुठल्या गावाने बाहेरच्या कळपांना मनाई केली. वाटेवरचे मेंढपाळ मोबाइलवर ते बघतात आणि कळप वळवतात. ही साइट आबा चालवायचे. आबा म्हणजे मंडळाचे संस्थापक, जन्मभर मेंढरांमागे फिरलेले. ते दिवाळीत गेले.

मुकुंदराव म्हणाले, "आता ती आबांच्या मुलाच्या, लक्ष्मणच्या हाती रीतसर द्यायचीय, ताई. तुम्ही या, मंडळींना आतलं सगळं दाखवा. पटलं तर देऊ, नाही पटलं तर साइट बंद करून सरळ मोबाइलवर ग्रुप काढू."

त्यांनी आबांचा पासवर्ड कळवला. जाण्याआधी घरबसल्या मी आत डोकावले. आबांचं खातं चालू होतं. शेवटची नोंद त्याच दिवशी सकाळची. आदल्या दिवशीही होती, त्याच्या आदल्याही. मी सहज विचारावं तसं मुकुंदरावांना विचारलं, आबा नक्की कधी गेले? "दिवाळीच्या पाडव्याला. पहाटे." मी पाडव्यापर्यंत मागे गेले. त्या दिवशीही सूचना होती. सकाळी अकरा वाजता, आबांच्या नावाने.

मेलेला माणूस साइट चालवत होता. माझ्या धंद्यात याचा अर्थ एकच: कुणीतरी परका आत शिरलाय. फोनवर बोलायचा धीर झाला नाही. मी दोन चार्जर घेतले, साइटची एक प्रत लॅपटॉपवर उतरवली, तीच पुन्हा तीन पेनड्राइव्हवर घेतली आणि निघाले.

सोमवार, उस्मानपुरा

बसच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर होतं, रिक्षावाल्याच्या तोंडी औरंगाबाद, आणि दोघांचंही त्यावाचून काही अडलेलं नव्हतं. "बैठो मॅडम, उस्मानपुरा बोले तो बाजू में," म्हणत त्याने मला गल्लीबोळांतून फिरवलं, कारण मोठे रस्ते नव्या जलवाहिनीसाठी खणलेले. कडेला पाइप पडलेले, एवढे मोठे की आत माणूस ताठ उभा राहील. एका पाइपात खरंच एक बाई सावलीला बसून भाजी विकत होती. पाणी अजून त्यात यायचं होतं.

मुकुंदरावांचं औषधाचं दुकान उस्मानपुऱ्यात आणि मंडळाची कचेरी त्याच्या माडीवर. माणूस शेतकरी घरातला, पण आता पूर्ण शहरी, इस्त्रीचा पांढरा शर्ट, कानाला कायम फोन. गेल्या गेल्या पाणी आलं. पेला अर्धाच भरलेला होता. आमच्याकडे पाहुण्याला असा पेला दिला तर घरच्या बाईला ऐकून घ्यावं लागेल. इथे तो नीट समजून उमजून अर्धा होता. हवं तर पुन्हा मागा, पण टाकू नका.

"तुमच्याकडं बरं, पाऊसच पाऊस," मुकुंदराव म्हणाले.

मी म्हटलं, "आमच्याकडे पाणी घरात शिरतं हो. आम्ही ते येईल म्हणून घाबरतो."

त्यांना ते फार गंमतीचं वाटलं. पुढचे दोन दिवस ते भेटेल त्याला माझी ओळख "पाणी येईल म्हणून घाबरणाऱ्या ताई" अशी करून देत होते.

शहर कसं पसरतंय हे ते कौतुकाने आणि थोडं खजील होऊन सांगत होते. बायपासच्या पलीकडे त्यांची जमीन होती. "आबांची मेंढरं उन्हाळ्यात आमच्या रानात बसायची. खत व्हायचं रानाला. आता तिथं चार मजली इमारती बसल्यात. आम्हीच विकली, दुसऱ्याला कशाला नावं ठेवू? म्हणून मंडळाचं सचिवपण घेतलं. तेवढंच."

मी धीर करून विचारलं, "सध्या सूचना कोण टाकतं?"

"लक्ष्मण टाकत असेल," ते म्हणाले आणि फोन वाजला म्हणून उठले. "असेल" या शब्दाने माझी रात्रीची झोप जाणार हे मला तिथेच कळलं.

हॉटेलात राहायची मी तयारी केली होती. मुकुंदरावांनी ती हाणून पाडली. एकटी बाई, परका गाव, आपली माणसं असताना हॉटेल कशाला! आबांची मुलगी वाळूजला दिलेली, तिच्याकडे सोय केली होती. संध्याकाळी ती स्कूटर घेऊन मला न्यायला आली. सुगंधा नाव, वय तिशीच्या आसपास, सडसडीत, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. माझ्या बॅगा बघून म्हणाली, "ताई, एवढं काय आणलंय?" मी चार्जरचं सांगितलं. ती हसली नाही, हे मला आवडलं.

मंगळवार, वाळूज

वाळूजला सकाळ भोंग्याने आणि कंपन्यांच्या बसगाड्यांनी होते. रात्रपाळीचे लोक डोळे चोळत उतरतात, दिवसपाळीचे त्याच बसमध्ये चढतात. सुगंधाचा नवरा एका कारखान्यात आहे; तो पहाटेच गेला होता. घरात सासूबाई, दोन खोल्या, आणि दाराबाहेर ओळीने उभी केलेली निळी टिपाडं. पाणी आठवड्याने येतं. प्रत्येक टिपाडावर घट्ट फडकं बांधलेलं.

आणि मी काय केलं? चहा पिण्याआधी पेल्यात आदल्या रात्रीचं घोटभर पाणी होतं ते सवयीने दारातून बाहेर भिरकावलं आणि पेला विसळायला पुढे केला. सासूबाई पाणी पडलं त्या जागेकडे बघत राहिल्या, ते सुकेपर्यंत. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मग त्यांनीच बाजरीची भाकरी, लसणाचा ठेचा आणि येसराची आमटी वाढली आणि म्हणाल्या, "खा बाय. तुमच्याकडं ठीक हाय तसं. हितं नाय चालत." ठेच्याने माझ्या डोळ्यांना पाणी आलं, ते मात्र मी कुठे भिरकावू शकले नाही.

जेवताना सुगंधाचा फोन सारखा वाजत होता. दर वेळी ती हात पुसून उचलायची आणि तेच म्हणायची, "बोला, आबांच्या घरून." मग ऐकायची, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर काहीतरी टिपून घ्यायची, दोन उलट प्रश्न विचारायची. "किती हाय, गुडघाभर का घोटाभर?" "हिरवं पडलंय का पाणी?" तीन फोन झाल्यावर तिने मोबाइलवर टकटक करून काही लिहिलं. मी तिच्या शेजारीच बसले होते. मला पडदा दिसला. ती आतली खोली होती, माझी रोजची, आणि वरच्या कोपऱ्यात खात्याचं नाव होतं: आबा.

माझा घास हातातच राहिला. "तुम्ही?"

सुगंधाने आधी सासूबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पहिल्यापासून म्याच टाकते, ताई. आबांना मोबाइलवर कुठं लिहिता येत होतं? ते फोनवर सांगायचे, म्या टाकायचे. नाव त्यांचंच ठेवलं. मेंढकं आबांच्या नावावर इस्वास ठेवतात, माझं नाव कोण वळकतंय?"

"आणि ते गेल्यावर?"

"आबांचा फोन माझ्याकडं आला, तो बंद पडला नाय ना ताई. मेंढरं चालतच व्हती."

हे सगळं किती सोपं होतं! कुणी परका शिरला नव्हता. मला एवढं हलकं वाटलं की मी हसत सुटले. म्हटलं, उद्या मी हे बैठकीत सांगते, साइट तुमच्याच हाती राहायला हवी, लक्ष्मणला शिकवायचीही गरज नाही.

सुगंधाचा चेहरा उतरला. "नका सांगू."

मग तिने पाडव्याचं सांगितलं. आबा पहाटे गेले. अंगणात त्यांना ठेवलेलं, सगळं गाव जमलेलं, बाया रडतायत, आणि अकराच्या सुमाराला आबांचा फोन वाजला. पलीकडच्या मेंढक्याला काहीच माहीत नव्हतं. तो सांगत होता, अमुक पाझर तलावात फवारणीचं औषध सांडलंय, कडेला दोन कुत्री मरून पडलीत, कुणी मेंढरं नेऊ नका. सुगंधा उठून गोठ्यामागे गेली, सूचना लिहिली, परत येऊन बसली. पाच मिनिटं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"आता तुम्ही उद्या तारीख, येळ, सगळं पडद्यावर दाखवणार," ती म्हणाली. "बापाचं मढं अंगणात अन् लेक मोबाइलवर बसली व्हती, हे भावकीत किती वर्षं चालंल? दादाला कळलं तर तो माझ्या दारात पाऊल टाकणार नाय. आई हाय अजून, ताई. मला तिच्याकडं जायचंय की नाय?"

"पण मग साइट लक्ष्मणकडे जाणार. पासवर्ड बदलणार."

"व्हय," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

म्हणजे प्रश्न असा होता. सांगितलं तर ते अकरा वाजताचं बाहेर येणार आणि माहेर तुटणार. नाही सांगितलं तर जे काम ती इतकी वर्षं करते ते उद्या दुपारी तिच्या हातून जाणार, आणि ते काढून घेण्याचं बटण दाबणार होते मी. मी तिला शब्द दिला की जुन्या नोंदींचं पान उघडणार नाही. मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण बोलताना मी इतकी घाबरते की समोरच्याला ते लगेच दिसतं.

दुपारी ती मला स्कूटरवर घेऊन एक पाणवठा बघायला गेली. कुणीतरी कळवलं होतं की तो बंद झालाय, आणि फोनवरच्या शब्दावर ती तशी सूचना टाकत नाही, जवळचं असलं की स्वतः जाऊन बघते. कारखान्यांच्या मागे रान सुरू होतं, म्हणजे रान होतं. आता चुन्याच्या रेघांनी आखलेले प्लॉट, मधे कमान, कमानीवर वसाहतीचं नाव आणि नावात "सरोवर" असा शब्द. आतलं तळं होतं तिथे मुरूम भरलेला. मोकळ्या उजाड माळावर एक बोअर घेणारी गाडी घरघरत होती आणि धुरळा आमच्या दातांत येत होता. राखणदाराने आम्हाला आत सोडलं नाही. सुगंधाने तिथेच उभं राहून सूचना लिहिली: हा पाणवठा कायमचा बंद. लिहून झाल्यावर पुन्हा एकदा वाचली, मग टाकली. मी माझ्या कामात इतकी काळजी घेते का, असा प्रश्न मला पडला, आणि उत्तर मला आवडलं नाही.

बुधवार, पुन्हा उस्मानपुरा

कचेरीत सात-आठ मंडळी जमली होती. मुकुंदराव. लक्ष्मण, थोराड, भावाबहिणीचं नाक एक. तो एका दूधसंघाच्या गाडीवर होता आणि रजा टाकून आला होता. बाकीचे फेटेवाले, पटकेवाले. त्यांच्यात बिरूमामा, आबांचे जोडीदार, सत्तरी गाठलेले, अजूनही कळपाबरोबर चालणारे. साइट ते स्वतः वाचत नाहीत, सून वाचून दाखवते. मामा काय म्हणतील तिकडे बैठक झुकते, हे मुकुंदरावांनी मला जिन्यातच सांगितलं होतं. सुगंधा दाराजवळच्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी घेऊन.

मी लॅपटॉप उघडला. नेमका त्या सकाळी त्याने स्वतःला अद्ययावत करून घेतलं होतं आणि मी जपून आणलेली प्रत उघडेना. पेनड्राइव्ह पहिला, दुसरा, तिसरा. घाम माझ्या पाठीवरून ओघळत होता. शेवटी चालू साइटवरच दाखवायचं ठरवलं. आणि बाहेर कुणाला आमची अर्धीमुर्धी प्रात्यक्षिकं दिसू नयेत म्हणून मी अगदी शहाण्यासारखी पुढे दुरुस्तीची पाटी लावली. ही सोय आतून एका खटक्यावर होते: येणाऱ्याला पानाऐवजी "दुरुस्ती चालू आहे, थोड्या वेळाने या" एवढंच दिसतं. दहा मिनिटांचा प्रश्न होता.

मग मी बोलायला लागले, आणि बोलायला लागलं की मला जरा बरं वाटतं. अधिकार समजावले. मुख्य कारभाऱ्याला सगळं करता येतं, संपादकाला सगळ्यांचं लिखाण तपासता येतं, लेखकाला फक्त स्वतःचं लिहिता येतं.

"म्हंजे मालक, कारभारी अन् चारणारा," बिरूमामा म्हणाले.

"अगदी तसंच, मामा."

"मंग मालकाला काय काम असतंय? ते तर झोपतंय." सगळे हसले, मुकुंदराव जरा कमी.

कच्चं लिखाण कसं बाजूला ठेवायचं ते दाखवलं, चुकून टाकलेलं टोपलीतून कसं परत काढायचं ते दाखवलं. मग वेळ लावून ठेवण्याची सोय दाखवली. सूचना आज लिहायची, तारीख-वेळ लावायची, त्या वेळी ती आपोआप झळकते. आपण घरी असू-नसू.

"आपोआप?" मामा पुढे सरकले. "म्हंजे माणूस नसला तरी?"

"हो."

मामांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "मंग ऐका. आबा पाडव्याला गेला. त्या दिवशी म्या कळप घेऊन त्या औषधाच्या तलावापासनं मैलभर व्हतो. सूनबाईनं मोबाइल उघडला अन् वराडली, मामा, थांबा, आबांनी लिवलंय जाऊ नका. सगळा कळप वाचला. सांजच्याला कळलं की आबा पहाटंच गेलाय. तव्हापासनं म्या इचार करतोय, मेलेला माणूस लिहील कसा? कुणाला इचारलं नाय. लोक म्हणतील म्हातारं चळलं."

मुकुंदरावांनी मांडीवर थाप मारली. "आबांनी लावून ठेवली असणार! जायच्या आधी, वेळ लावून! ताईंनी आत्ताच दाखवलं की."

एका क्षणात सगळ्यांना पटलं. कुणी हात जोडले, कुणी डोळे पुसले. लक्ष्मण मान खाली घालून बसला होता, त्याचे खांदे हलत होते. औषध कधी सांडणार हे आबांना आधीच कसं कळलं, हे कुणीच विचारलं नाही. माझ्याच सोयीने मीच त्यांना हे खोटं पुरवलं होतं. मी तोंड उघडलं. दाराशी सुगंधा माझ्याकडे बघत होती, अगदी बारीक मान हलवून नको म्हणत होती. मी तोंड मिटलं. मला स्वतःची लाज वाटली.

"आता आबांच्या खात्याचं करून टाकू," मुकुंदराव म्हणाले. मी खातं काढून टाकायचं पान उघडलं. प्रणाली अशा वेळी विचारते, या सदस्याच्या लिखाणाचं काय करायचं: सगळं पुसायचं, की दुसऱ्या कुणाच्या नावे करायचं?

"ही तर वारसनोंद!" मुकुंदराव खूश झाले. "करा लक्ष्मणच्या नावे. बहिणीचं काय, ती सही देऊन मोकळीच असती." कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पडद्यावर लक्ष्मणचं नाव आलं. माझं बोट बटणावर होतं आणि ते खाली जात नव्हतं. मी चष्मा पुसला. पाणी मागितलं. आलेला अर्धा पेला घोट घोट प्यायले.

तेव्हा सुगंधाच्या पिशवीत फोन वाजला.

"बोला, आबांच्या घरून." ती सवयीने बोलून गेली. पलीकडे एक बाई एवढ्या जोरात बोलत होती की पहिल्या रांगेपर्यंत ऐकू येत होतं. अजिंठ्याच्या घाटाखाली कळप आहे, सकाळपासून चाललोय, तलावावर आलो तर नुसता चिखल. साइट उघडत नाही, दुरुस्ती चालू आहे म्हणते. मागून आणखी तीन कळप याच वाटेने येतायत, त्यांना कुणी सांगायचं?

मी घड्याळ पाहिलं. दहा मिनिटांची पाटी पाऊण तास लागून राहिली होती. माझी काळजीच नडली होती.

सुगंधा फोनवर म्हणाली, "मावशी, डाव्या अंगाच्या ओढ्यानं खाली उतरा, वडाजवळ विहीर हाय, म्या विहीरवाल्याला बोलते. मागल्यांचे नंबर माझ्याकडं नायत, त्यांचं म्या बघते." मग ती उठली आणि सरळ माझ्यापाशी आली. "ताई, पाटी काढा."

मला खटकाच सापडेना. मीच लावलेला, आणि घाईत बाण पडद्यावर भलतीकडेच पळत होता. सुगंधाने माझ्या हातातून माउस घेतला, दोनदा टिचकी मारली, पाटी गेली. वारसनोंदीचं पान तिने बघितलं आणि बंद केलं. नवी सूचना उघडली. उभ्यानेच लिहायला लागली, कुणाकडेही न बघता, आणि भिंतीवरच्या पडद्यावर अक्षरं उमटत गेली: तलावाचं नाव, चिखल आहे, पाणी नाही, वडाच्या विहिरीकडे वळा. खाली आपोआप आलं: आबा.

"तुला हे येतं?" लक्ष्मण म्हणाला.

"रोज कोण टाकतंय मंग, दादा?"

"मला वाटलं मुकुंदराव."

"मला वाटलं तू," मुकुंदराव म्हणाले.

बिरूमामा उठून उभे राहिले होते. "पोरी. पाडव्याची बी तूच?"

प्रकाशित करण्याच्या बटणावर बाण होता. सुगंधाचं बोट तिथेच थांबलं. मी मनातल्या मनात ओरडत होते, नाही म्हण, आबांनी लावून ठेवली होती म्हण, सगळ्यांना पटलंय.

"व्हय, मामा."

"किती वाजता?"

"अकराला."

"आबा अंगणात होते तेव्हा?" लक्ष्मणचा आवाज चिरकला. "आम्ही लाकडं गोळा करत होतो अन् तू मोबाइल घेऊन..."

मामांनी हात वर केला. मामा सुगंधापाशी आले आणि अगदी हळू विचारलं, "बापाच्या तोंडात पाणी घातलंस का नाय?"

"घातलं," सुगंधा म्हणाली. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं, पण आवाज नीट होता. "पण ते मागनं, मामा. आधी हे लिवलं."

मामांनी पडद्यावरच्या त्या नावाकडे बघितलं. वाचता येत नसलं तरी ते काय आहे हे त्यांना माहीत होतं. मग ते लक्ष्मणकडे वळून म्हणाले, "चाळीस उन्हाळे म्या आबासंगं काढलेत. कळपातलं शेवटचं मेंढरू पिऊन बाजूला झाल्याबिगर त्यानं कधी वंजळ तोंडाला लावली नाय. त्या दिवशी बी तसंच झालं. पोरीनं बापाला बापावानीच पाजलं."

लक्ष्मणने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मामांनी सुगंधाच्या डोक्यावर हात ठेवला. "अन् आता थांबलीस कामून? मेंढरं उन्हात हुबी हायेत."

तिने बटण दाबलं.